लक्ष ठेवा

बाईंनी गाडी अगदी नियमात थांबवली होती, हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर जो दणका बसला त्यात त्यांचा काडीचा दोष नव्हता. शाळेची मुलं रस्ता ओलांडत होती. गाडी पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडे उभी, गिअर मोकळा, हातब्रेक वर, आरसे बघून झालेले, आणि बाई तिरक्या डोळ्यांनी माझ्या पेनाकडे बघत होत्या. सगळेच बघतात. मी गाडी चालवण्याची परीक्षा घेणारा माणूस आहे. माणसं दिवसभर माझ्या पेनाला घाबरतात, आणि ते मला आवडत नाही असं मी म्हणणार नाही. या बाई याआधी दोनदा नापास झालेल्या, दोन्ही वेळा माझ्याच हातून, त्यामुळे आज त्यांनी स्टिअरिंग असं आवळून धरलं होतं की कुणी हिसकावून नेईल. मुलं जोडीजोडीनं चालली होती. पोहून परत येत असावीत, केस ओले, खांद्याला पिशव्या, पुढे एक शिक्षिका, मागे एक. आणि रांगेच्या शेवटाशी, मैत्रिणीचा दंड धरून, माझी मुलगी. आधी मला आनंदच झाला. आपलं माणूस असं भररस्त्यात, आपण अपेक्षा करत नसताना दिसलं की बरं वाटतं. काच खाली करून हाक मारावी असं मनात आलं, पण परीक्षेत तसलं चालत नाही, म्हणून गप्प बसलो. मग माझं लक्ष तिच्या डाव्या पायाकडे गेलं. टाच टेकायच्या आधीच पाऊल पुढच्या बाजूनं चपकन खाली पडत होतं. उचलताना बुटाचं टोक रस्त्याला घासत होतं, आणि ते घासू नये म्हणून ती गुडघा जरा जास्तच वर घेत होती, पाण्यातून चालताना आपण घेतो तसा. पट्टे संपले तिथं फुटपाथ चढायचा होता. मैत्रिणीनं तिला दंडाला धरून वर ओढून घेतलं, तिच्याकडे न बघता, बोलता बोलता, सवयीनं. दोघी कशाला तरी खिदळत होत्या. सवयीनं! म्हणजे त्या कारटीला माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं. माझ्या पायाशी परीक्षकाचा जादा ब्रेक असतो, तो मी कधी दाबला मला कळलंच नाही. बाईंनी गाडी काढली, गाडीनं आचका दिला आणि बंद पडली, माझं डोकं पुढे जाऊन मागे आदळलं, मागच्यांनी हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. "साहेब, माझं काय चुकलं?" बाई रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, "काही नाही. पाय माझा होता." "म्हणजे मी परत नापास?" "बाई, तुम्ही चालवा हो, पुढे बघा आणि चालवा," मी म्हटलं, आणि पुढच्या सगळ्या वळणांवर त्यांनी काय केलं ते मला आजही सांगता येणार नाही. मी त्यांना पास केलं. त्या मला आशीर्वाद देत उतरल्या आणि मी त्याच सीटवर बसून राहिलो, पट्टा न सोडता.

मुलीला आम्ही घरी भिंगरी म्हणतो. चालायला लागली तेव्हापासून एका जागी बसली असेल तर शपथ. तिच्या कमरेखाली, मणक्याच्या शेवटाशी, जन्मापासून एक लहानशी खळी आहे आणि तिथं मऊ केसांचा झुपका. आम्हाला त्याचं कौतुक होतं. बायको तिला अंघोळ घालताना म्हणायची, हिचं शेपूट राहिलं बघ देवाच्या हातून कापायचं. मग गेल्या वर्षी ती पाठ दुखते म्हणायला लागली, साधे औषधवाले डॉक्टर झाले, मग त्यांनी ती खळी पाहिली आणि त्यांचा आवाज बदलला. डॉक्टरांचा आवाज बदलतो तेव्हा ते जास्तच गोड बोलतात. तपासण्या झाल्या, त्या बोगद्यासारख्या यंत्रात माझी पोर डोळे मिटून पडली, आणि शेवटी आम्ही एका सर्जनबाईंच्या समोर बसलो. बाई माझ्याहून लहान, केस आखूड, बोलताना हात टेबलावर पालथे ठेवून बसायच्या. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मज्जारज्जूचं खालचं टोक पाठीच्या कण्यात मोकळं तरंगायला हवं. हिचं ते एका जाड, चरबीच्या दोऱ्यानं खाली चिकटलेलं आहे. मूल उंच होतं, कणा वाढतो, रज्जू मात्र बांधलेला, मग त्याला ओढ बसते. बसेलच असं नाही. काहींना आयुष्यभर काही होत नाही. काहींचा पाय लुळा पडायला लागतो, लघवीवरचा ताबा जातो. "आणि जे जातं," त्या म्हणाल्या, "ते परत येईलच याची खात्री मी देऊ शकत नाही. विशेषतः लघवीचं." मग ऑपरेशन करून टाका ना, बायको म्हणाली. बाई म्हणाल्या, करता येईल. पाठ उघडून तो दोरा कापायचा. पण त्या दोऱ्याला बिलगून पायाच्या, लघवीच्या नसा असतात, केसांसारख्या. त्यातल्या एखादीला इजा झाली, तर जे पुढे कदाचित झालंही नसतं, ते आपण आपल्या हातानं केलेलं असेल. शिवाय जखम भरताना रज्जू पुन्हा चिकटू शकतो. सध्या मुलीला पाठदुखीशिवाय त्रास नाही. आत्ता करणारे चांगले सर्जन आहेत आणि थांबणारेही चांगले सर्जन आहेत. "तुमच्या मुलीच्या जागी तुमची मुलगी असती तर?" मी विचारलं आणि बोलल्यावर मला कळलं की मी काय बरळलो. पण बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला रात्रभर झोप आली नसती. थांबायचं असेल तर लक्ष ठेवा. चाल बदलली, तोल गेला, कपडे ओले झाले, की लगेच या. उशीर करू नका."

लक्ष ठेवा. दोन शब्द, आणि मी त्यांना असा बिलगलो की विचारू नका. लक्ष ठेवणं हा तर माझा धंदा. आणि दुसरं म्हणजे, मी हातांवर विश्वास ठेवत नाही. माणसं शिकाऊंना घाबरतात. मी सराईतांना घाबरतो. उभं आयुष्य मी दुसऱ्यांच्या हातांशेजारी बसून काढलंय. वर्षानुवर्षं गाडी चालवलेला माणूस परवाना गेला म्हणून पुन्हा परीक्षेला येतो, एका हातानं स्टिअरिंग फिरवतो, माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतो, आणि एखाद्या साध्या वळणावर, काहीही कारण नसताना, सायकलवाल्याच्या अंगावर जातो. का गेलास बाबा, विचारलं तर त्यालाही सांगता येत नाही. तिथं माझ्या पायाशी ब्रेक असतो. माझ्या पोरीच्या पाठीत तसा ब्रेक कुठे ठेवणार? सर्जनबाईंचे ते पालथे ठेवलेले हात मला रात्री डोळ्यांपुढे यायचे. चांगले हात होते. चांगले होते म्हणूनच मला भीती वाटायची. बायकोला हे पटायचं नाही. ती एका मोठ्या दुकानाच्या टेलिफोनवर दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते, त्यामुळे घरी आल्यावर ती पाल्हाळ लावत नाही, मुद्द्याचं बोलते आणि समोरच्यानंही मुद्द्याचं बोलावं अशी तिची अपेक्षा असते. ती म्हणायची, "घडल्यावर धावायचं ही काय पद्धत झाली? मशीन बिघडल्यावर तक्रार करतात लोक, बिघडेल म्हणून नाही, ते ठीक आहे. पण हे मशीन बदलून मिळणार आहे का?" मी म्हणायचो, "तुझं काय जातंय गं बोलायला." असं मी म्हणालोय. आई आहे ती तिची, आणि मी म्हणालो तुझं काय जातंय. एकदा स्वयंपाकघरात असंच पेटलं, भांडी आदळली, आणि मी ओरडलो, "ती नीट चालतेय ना? ती नीट चालतेय तोवर तिच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही, सांगून ठेवतो!" भिंगरी तेव्हा बाहेरच्या खोलीत चित्रं रंगवत होती. दार उघडं होतं. मुलं रंगवताना ऐकत नाहीत अशी आपली एक समजूत असते.

मग मी तिची तपासणी सुरू केली. महिन्यातून एका रविवारी, सकाळी, न्याहारीच्या आधी, घरातल्या लांबट पॅसेजमध्ये. फरशीच्या सांध्याची एक सरळ रेघ आहे, तिच्यावरून. आधी साधं चाल. मग टाचांवर. मग चवड्यांवर. मग एका पायावर लंगडी, उजवा, मग डावा. मग डोळे मिटून उभी राहा. सर्जनबाईंच्या खोलीत पाहिलं होतं, तेच आणि त्याच क्रमानं. मी पॅसेजच्या टोकाला खुर्ची टाकून बसायचो. ती पायजमा दुमडून घ्यायची, ओठ आवळायची, आणि चालायची. काय सुंदर चालायची, राणीसारखी! पहिल्यांदा जरा धसमुसळेपणा होता, नंतर नंतर तर चूक काढायला जागा नाही. मी टाळ्या वाजवायचो. "वा! एकदम पास!" मग ती धावत येऊन माझ्या मांडीत घुसायची, तिचं काळीज धडधडत असायचं, आणि मला वाटायचं, पोर खुशीत आहे. बायको पहिल्यांदा दाराशी उभी राहून बघायची. मग तिचाही चेहरा सैल होत गेला. "तू म्हणतोस तसंच असेल," ती म्हणाली एकदा, भाजी निवडता निवडता, "थांबूया." मी जिंकलो होतो. घरात भांडण उरलं नाही. मधे सर्जनबाईंनी बोलावलं तेव्हाही सकाळची पहिली वेळ होती, भिंगरी तिथंही तशीच चालली, बाई म्हणाल्या ठीक दिसतंय, पण पुढच्या भेटीला नवी तपासणी करून या आणि काय ते पक्कं ठरवून या, थांबायचं की करायचं. पुढे तिची उंची झपाट्यानं वाढेल, वाऱ्यावर सोडून चालणार नाही. ती पुढची भेट म्हणजे उद्याची. आमचं ठरलं होतं. थांबायचं. मी बाईंना सांगायचं वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

आमच्या ऑफिसात एक नियम आहे, आणि तो मीच वरिष्ठांच्या डोक्यावर बसून करून घेतलाय: परीक्षेचा रस्ता बदलत राहायचा. का, तर गाडी शिकवणारे लोक महाबिलंदर. ते शिकाऊला परीक्षेच्याच रस्त्यावरून इतक्या वेळा फिरवतात की त्याला झोपेतही ती वळणं घेता येतील. इथं सिग्नल दे, त्या खांबापाशी वेग कमी कर, दुकान आलं की आरसा. माणूस पास होतो आणि दुसऱ्या दिवशी अनोळखी गल्लीत कुणाला तरी उडवतो. त्याला गाडी आलेलीच नसते, रस्ता आलेला असतो. हे मी नव्या परीक्षकांना शिकवतो. तावातावानं शिकवतो, टेबलावर हात आपटून. रस्ता बदला, वेळ बदला, माणूस दमलेला असताना घ्या, त्याला बोलण्यात गुंतवा, मग बघा तो आरसा बघतो का. आणि घरी? तोच पॅसेज, तीच रेघ, तीच झोप झाल्यानंतरची सकाळ, तोच क्रम. आठवडाभर आधी मीच सांगायचो, रविवारी आपली तपासणी हं. आता आठवायला लागलं की काय काय आठवतं. गुरुवारी-शुक्रवारी संध्याकाळी पॅसेजचा दिवा लागलेला असायचा. फरशीवर पावलांचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून यायचा. मी वर्तमानपत्राआडून विचारायचो, काय चाललंय गं? "खेळतेय बाबा." खेळू दे म्हणायचो. मी पट्टा सोडला, दार उघडलं आणि बाहेर वाकलो. शिपाई धावत आला, साहेब, पाणी आणू? मी म्हटलं नको, आणि उरलेल्या परीक्षा दुसऱ्याच्या गळ्यात घालून निघालो. पण माणूस किती हलकट असतो बघा. ऑफिसचा जिना उतरेपर्यंत माझ्या मनानं बाजू मांडायला सुरुवात केली होती. पोहून दमली असेल. बूट सैल असेल, ओला मोजा. मुलांना नक्कल करायची खोड असते, कुणाची तरी नक्कल करत असेल. एका रस्त्यापुरतं पाहिलं, तेवढ्यावरून पाठ फाडायची? आणि पाहिलं कुणी, तर मी एकट्यानं. मी बोललो नाही तर उद्याचं वाक्य अजून तसंच होतं, जुळवलेलं. हा विचार मी केला. केला म्हणजे केला, नंतर कितीही लाज वाटली तरी.

शाळा सुटायला अवकाश होता. मी फाटकासमोर उभा न राहता रस्त्याच्या पलीकडे, चपलांच्या दुकानाच्या फळीआड उभा राहिलो. आपल्याच मुलीवर असं चोरून लक्ष ठेवायची वेळ यावी! दुकानदार मला दोनदा काय हवं म्हणून विचारून गेला. मी काहीतरी नंबर सांगितला, तो खरोखरच चपला घेऊन आला, मी त्या हातात धरून फाटकाकडे बघत राहिलो. मुलं सुटली. गोंगाट, दप्तरं, ढकलाढकली. ती सगळ्यांत शेवटी आली, त्याच मैत्रिणीबरोबर. माझी भिंगरी, जी कुठल्याही दारातून आधी बाहेर पडते. पायऱ्या उतरताना कठड्याला धरून, डावा पाय आधी खाली, मग उजवा त्याच्याशेजारी, मग पुन्हा डावा. खाली आल्यावर पाऊल चपकन, चपकन. अर्ध्या अंगणात ती थांबली आणि मांडी दाबत राहिली, मैत्रीण दोन्ही दप्तरं घेऊन उभी होती. सैल बूट नाही, नक्कल नाही, काही नाही. मी फळीआडून पुढे झालो असेन, मला आठवत नाही, हातात त्या चपला तशाच. तिनं मान वर केली आणि मला पाहिलं. आणि तेव्हा जे झालं ते मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. तिचा चेहरा आधी फुलला नाही. आधी तिचा पाय सरळ झाला. ओठ आवळले गेले, खांदे मागे गेले, तिनं मैत्रिणीच्या हातातून दप्तर ओढून घेतलं, आणि ती माझ्याकडे चालत आली, टाच, चवडा, टाच, चवडा, पॅसेजमधल्या रेघेवरून चालावी तशी, आणि अगदी जवळ आल्यावर मग हसली. वरच्या ओठावर घामाचे थेंब. "बाबा! तू आज कसा काय?" मी म्हटलं, "सहज." "चपला कुणाला?" मी त्या नेऊन परत केल्या. घरापर्यंत ती एक पाऊल चुकली नाही. तोंडाची टकळी चालूच, पोहायला कोण घाबरलं, कुणाचा चष्मा पाण्यात पडला, आणि मी तिच्या पायाकडे बघू नये म्हणून समोर बघत चाललो, तर ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती, मी कुठे बघतोय ते. मी म्हटलं, "दप्तर दे इकडे. दमलीस तर बसू जरा." "मी कुठे दमलेय?" ती म्हणाली. "तू दमलास का?"

बायको आली तेव्हा भिंगरी खाली खेळायला गेली होती. मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच, तिच्या खांद्यावरची पर्ससुद्धा अजून उतरली नव्हती. मला वाटलं ती फाडून खाईल. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. ती पर्ससकट खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "ती आपल्या चड्ड्या स्वतः धुते." मला आधी कळेना. मग कळलं. काही महिन्यांपासून भिंगरी शाळेतून आली की थेट न्हाणीघरात जायची, कपडे धुऊन दोरीच्या कोपऱ्यात वाळत घालायची. आम्ही शेजाऱ्यांना कौतुकानं सांगितलं होतं. मुलगी मोठी झाली हो, स्वतःचं स्वतः करते. बायकोनं तिला त्याबद्दल रंगपेटी आणून दिली होती. "मी बक्षीस दिलं रे तिला," ती म्हणाली, आणि मग तिला जे रडू फुटलं ते मी लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या रडण्याला हो-हो करणारी बाई. मी म्हटलं, आत्ता बोलावतो तिला, विचारतो सरळ. तिनं माझा हात धरला. "नाही. तू विचारू नकोस, मीही विचारत नाही. आपण विचारलं की ती आपल्याला काय ऐकायचंय ते सांगेल. उद्या डॉक्टरांनी विचारू दे." खालून पोरांचा आरडाओरडा येत होता, त्यात तिचा आवाज होता, आणि आम्ही दोघं दिवा न लावता ऐकत बसलो. जेवताना आम्ही तिच्याशी फार गोड बोललो. ती एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत राहिली आणि ताटातलं सगळं गुपचूप संपवलं, नको असलेली फुलकोबीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली वेळ आमची होती. मी फोन करून ती संध्याकाळची शेवटची मागून घेतली. भिंगरी शाळेत गेली, धावली, जिने चढली, आणि मग नवी तपासणी झाली आणि मग आम्ही सर्जनबाईंच्या खोलीत गेलो. बाईंनी पडद्यावरचं चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, चित्रात फार फरक नाही. फार फरक नाही! कालपर्यंत हे ऐकून मी उडी मारली असती. "चाल बघूया," त्या म्हणाल्या. भिंगरीनं मोजे काढले, ओठ आवळले आणि माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीत बसलो होतो, हात मांडीवर, पेनसुद्धा नव्हतं हातात. ती चालली. टाच, चवडा. दिवसभर दमलेली, तरी. डाव्या पोटरीवर शीर उभी राहिली होती, गळा घामानं ओला, पण रेघ सुटली नाही. वळली आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं, पास ना? मी उठलो. बाईंना म्हटलं, "मी बाहेर थांबतो. आम्ही दोघंही थांबतो. तुम्ही तिच्याशी बोला." भिंगरी म्हणाली, "बाबा, का? नीट चालले ना मी?" मी म्हटलं, "फार नीट चाललीस." आणि दार ओढून घेतलं.

बाहेर बाकावर बसलो. आतून आधी बोलणं ऐकू आलं, शब्द कळत नव्हते, बाईंचा आवाज आणि मधेमधे तिचा, बारीक. मग गप्प. मग पावलं. अनवाणी पावलांचा आवाज, एक नेहमीचा आणि एक ओल्या फडक्यासारखा, फटक. नेहमीचा, फटक. नेहमीचा, फटक. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. बायकोनं माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट की नखं रुतली. मला उठून कान झाकावेसे वाटले. ती थांबलीच नाही, चालतच राहिली, आणि मधे मला तिचं हसणं ऐकू आलं, खरं हसणं, बाईंना काहीतरी सांगत. किती दिवसांनी ती कुणासमोर अशी चालत होती कुणास ठाऊक. बऱ्याच वेळानं बाई एकट्या बाहेर आल्या, दार मागे लोटून. उभ्याउभ्याच बोलल्या. पायाचा अशक्तपणा आहे, काही महिन्यांपासून असावा. कपडे ओले होतात, शाळेत तिनं कागदी रुमालांच्या घड्या करून ठेवल्यात. "आता थांबण्यात अर्थ नाही. या आठवड्यात करू. पाय सुधारायची आशा चांगली आहे. लघवीबद्दल मात्र, तुम्ही आधी आला असतात, तर जास्त ठामपणे बोलले असते." त्यांनी 'आधी' हा शब्द हळू उच्चारला, पण उच्चारला. बायकोनं विचारलं, "तिनं सांगितलं का नाही? आम्हाला का नाही सांगितलं?" बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती म्हणते, मी नीट चालले की आईबाबा भांडत नाहीत." मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. आता ते पालथे नव्हते, समोर गुंफलेले होते, नखं बारीक कापलेली, एका बोटाला चिकटपट्टी. कुठेतरी कापलं असेल, घरी, भाजीबिजी चिरताना. मग मी म्हटलं, "करा." बाईंनी मान हलवली आणि आत जायला दार उघडलं.

भिंगरी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली होती. बाईंनी तिला सांगितलं, काय करणार, कुठे कापणार, किती दिवस पालथं झोपावं लागेल. तिनं नीट ऐकून घेतलं. दुखेल का विचारलं, दुखेल म्हणाल्या. केस कापणार का विचारलं, डोक्याचे नाही म्हणाल्या. मग ती माझ्याकडे वळली. "बाबा, तेव्हा तू आत असणार?" मला वाटलं, पोर घाबरली. मी खाली बसलो, तिचे दोन्ही तळपाय हातात घेतले, डावा गार होता. मी म्हटलं, "मला आत सोडत नाहीत गं राणी. मी अगदी दाराबाहेर असेन. एक मिनिटही हलणार नाही. पण आत नाही." तिनं माझा चेहरा निरखला, मी खरं बोलतोय का ते बघावं तसा.

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिचे खांदे सैल झाले.